कारखान्यात तीन घड्याळं, तीन वेळा: ट्रिप आधी कुणी मारला?

वाळव्याचा_बॉयलर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसता वाचत आलो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. को-जन आहे, म्हणजे साखरेबरोबर वीजही. ११ केव्हीला वीज तयार होते, यार्डातून ११० केव्हीला बाहेर जाते. मागच्या आठवड्यात ऐन गळितात रात्री सव्वादोनला सगळं अंधारात. टर्बाइन ट्रिप, मिल बंद, गव्हाणीत ऊस तसाच. बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह उडाले त्याचा आवाज तीन गावांनी ऐकला. गेटबाहेरचे ट्रॅक्टरवाले काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सकाळी रिलेच्या (बिघाड दिसला की वीज तोडायला लावणारं यंत्र) आणि डीसीएसच्या (सगळा प्रकल्प चालवणारी संगणक यंत्रणा) नोंदी काढल्या त्या अशा:

जनरेटरचा रिले: ०२:१४:०७.३१८
यार्डातला लाइन रिले: ०२:१४:०५.९०२
डीसीएस: ०२:१४:३१

ग्रिडवाले साहेब म्हणतात तुमचा जनरेटर आधी सुटला. आमचे चीफ म्हणतात लाइन आधी गेली, आम्ही मागून पडलो. चीफनी पुराव्याला आमच्याच दोन रिलेंच्या नोंदी पुढे केल्या. साहेबांनी एकच विचारलं, "ही दोन घड्याळं एकमेकांशी जुळलेली आहेत का?" बैठक तिथंच संपली.

सगळी यंत्रं इथरनेट स्विचवर आहेत. ऑफिसातल्या एका पीसीवरून एसएनटीपीने (नेटवर्कवरून वेळ पाठवायची साधी पद्धत) वेळ जाते, असं कागदावर आहे. त्या पीसीला वेळ कोण देतं असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

तर प्रश्न असा: आहे त्याच इथरनेटवरून सगळ्यांना मिलिसेकंदाच्या आत एकच वेळ मिळेल का? नवीन काय घ्यावं लागेल?

---

नुसताच_वाचक | सोमवार, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो.

आमचे आजोबा कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे. त्या कारखान्यालाच वेळ माहीत नाही हे आज कळलं. हसून हसून पुरेवाट.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

वाचकराव, हसू नका. तुमच्या आजोबांचं घड्याळही बरोबर नव्हतं. आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात. गाव तीन किलोमीटरवर असेल तर आजोबा रोज नऊ सेकंद मागे. या धाग्यातला सगळा प्रश्न त्या नऊ सेकंदांत आहे: वेळ सांगणाऱ्याचा निरोप वाटेत किती वेळ होता, हे ऐकणाऱ्याला कळणार कसं?

बॉयलरभाऊ, मी संरक्षण विभागात रिले टेस्टिंगला होतो, आता निवृत्त. तुमच्या आकड्यांवरून एक अंदाज सांगतो. डीसीएस जनरेटर रिलेच्या २४ सेकंद पुढे आहे. साध्या क्वार्ट्झ क्रिस्टलची चूक दहा लाखांत २० भाग धरली तर दिवसाला १.७ सेकंद होते. २४ ला १.७ ने भागा, चौदा येतात. तुमच्या डीसीएसचा सिंक चौदाएक दिवसांपूर्वी तुटला असावा. तेव्हा कुणी काही काढलं-घातलं का, बघा.

आणि नवीन काही येईपर्यंत एक करा. दोन्ही रिलेंमधून डिस्टर्बन्स रेकॉर्ड (बिघाडाच्या वेळची व्होल्टेज-करंटची नोंद) काढा. फॉल्ट सुरू झाला ती जागा दोन्ही वेव्हफॉर्ममध्ये दिसते. ती एकावर एक ठेवली की घड्याळं कितीही चुकलेली असोत, क्रम कळतो. आम्ही छापील कागद खिडकीच्या काचेवर एकमेकांवर धरून हेच करायचो.

---

वाळव्याचा_बॉयलर | मंगळवार, सकाळी ७:१५

काका, साष्टांग. बरोबर सोळा दिवसांपूर्वी डीसीएस रूममधला स्विच बदलला. जुन्या स्विचमध्ये जे व्हीलॅन (एकाच नेटवर्कमध्ये केलेला वेगळा कप्पा) होतं ते नव्यात टाकायचं राहिलं. पीसीची वेळ तिकडे पोचतच नव्हती.

वेव्हफॉर्म जुळवायला गेलो, पण जमलं नाही. लाइन रिलेचा रेकॉर्ड पुढच्या घटनांनी पुसून टाकलाय. मेमरी भरली होती.

---

सर्व्हररूम_सांगली | मंगळवार, सकाळी १०:०५

एवढा घोळ घालायचं कारण नाही. व्हीलॅन दुरुस्त करा, एनटीपी (एसएनटीपीचाच मोठा भाऊ) नीट लावा, विषय संपला. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली केलेला प्रोटोकॉल आहे, अख्खं इंटरनेट त्यावर चालतं. लोकल नेटवर्कवर एक मिलिसेकंद आरामात मिळतो. तसंही २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (सरकारी सायबर सुरक्षा संस्था) आदेशाप्रमाणे एनआयसी (सरकारी संगणक केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) सर्व्हरशी वेळ जुळवावीच लागते. फुकटात काम होतंय तर खर्च कशाला?

---

घाटातला_टॉवर | मंगळवार, दुपारी १:३०

सर्व्हररूम साहेब, तुमच्या सर्व्हरला चालेल. आमच्या टॉवरला नाही चालत.

मी सातारा-कराड पट्ट्यात टॉवरची कामं करतो. फाइव्ह-जी टीडीडीमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने बोलायचं आणि ऐकायचं असतं. शेजारचा टॉवर बोलतोय तेव्हा आमचा ऐकत बसला तर त्याच्या ओरडण्यात मोबाईलचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून सगळ्यांनी मूळ वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाच्या आत राहायचं. मिली नव्हे, मायक्रो.

आमच्याकडे टॉवरवर जीपीएस असतं. पण अँटेना बिघडला, माकडांनी केबल ओढली, वीज पडली, की टॉवर स्वतःच्या घड्याळावर येतो. ते घड्याळ अब्जात एक भाग चुकत असलं, आणि ही चूक फारच थोडी म्हणायची, तरी दर सेकंदाला एक नॅनोसेकंद घसरतं. दीड मायक्रोसेकंद पंचवीस मिनिटांत संपतात. सज्जनगडाच्या पायथ्यापासून अँटेना घेऊन टॉवरवर चढेपर्यंत पंचवीस मिनिटं गेलेली असतात राव.

म्हणून आता वेळ फायबरवरूनही देतात. त्याला पीटीपी म्हणतात, आणि जोडीला सिंक-ई.

---

मिरजेचा_भोपळा | मंगळवार, दुपारी ३:४५

मी या विषयातला नाही. आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे करतात. एक अडाणी प्रश्न: वेळ जुळवणं आणि फ्रिक्वेन्सी जुळवणं, या दोन वेगळ्या गोष्टी का? घड्याळ बरोबर चाललं म्हणजे वेळ बरोबर असणारच की.

---

पॅकेटताई | मंगळवार, रात्री ९:१०

भोपळेदादा, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा आहे, आणि उत्तरही तुमच्याच दुकानात आहे.

मी सांगलीत अभियांत्रिकी कॉलेजात नेटवर्क शिकवते. दरवर्षी मुलं इथेच अडखळतात. दोन तबलजी तीनतालात एकाच लयीत वाजवताहेत असं समजा. एकाने एक मात्रा उशिरा सुरुवात केली. लय तंतोतंत सारखी, दोघांतली मात्रा-मात्रा सारख्याच अंतराने पडते, पण सम कधीच एकत्र येणार नाही. रात्रभर वाजवलं तरी तोच एका मात्रेचा फरक. ही लय म्हणजे फ्रिक्वेन्सी. सम एकत्र पडणं म्हणजे फेज. आणि आत्ता कितवं आवर्तन चालू आहे हे दोघांना ठाऊक असणं म्हणजे वेळ. लय जुळली म्हणून सम जुळत नाही, पण लय जुळली नाही तर आज जुळवलेली सम थोड्या वेळात हटणार हे नक्की.

लय देण्याचं काम सिंक-ईचं. इथरनेटच्या तारेवर डेटा नसला तरी शांतता नसते, बिट सतत वाहत असतात. ऐकणारं पोर्ट त्या बिटांवरून पाठवणाऱ्याची लय ओळखतं, त्याशिवाय त्याला ते वाचताच येणार नाहीत. साध्या इथरनेटमध्ये ही ओळखलेली लय तिथेच टाकून देतात आणि पुढच्या पोर्टमधून स्वतःच्या क्रिस्टलच्या लयीने पाठवतात. त्या क्रिस्टलला दहा लाखांत १०० भागांपर्यंत चूक माफ आहे. सिंक-ईमध्ये ऐकलेली लय टाकत नाहीत, तीच पुढे पाठवतात. मूळ गवयाची लय एका स्विचकडून दुसऱ्याकडे जात राहते. नेटवर्कवर कितीही गर्दी असो, लयीला फरक पडत नाही, कारण ती पॅकेटमध्ये नाही, बिटांच्या ठोक्यात आहे. आणि मूळ लय हरवलीच तरी सिंक-ईच्या स्विचचं स्वतःचं घड्याळ दहा लाखांत ४.६ भागांपेक्षा जास्त चुकता कामा नये अशी अट आहे.

हे करावं का लागलं? पूर्वी टॉवरला २.०४८ मेगाबिटच्या ई-वन लाइन जायच्या. त्यात लय आपोआप यायची, कुणी वेगळी मागितली नव्हती. इथरनेट स्वस्त पडलं म्हणून लाइन बदलल्या, आणि फुकट मिळत होतं ते गेलं.

सम आणि आवर्तन देण्याचं काम पीटीपीचं, म्हणजे आयईईई १५८८. पहिली आवृत्ती २००२ ची, दुसरी २००८ ची. या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, जुनं यंत्र घेताना बघा. तिसरी २०१९ ची.

पीटीपीची युक्ती एनटीपीसारखीच आहे: जाताना-येताना चार वेळा शिक्के मारायचे. मालकाने पाठवलं ती वेळ, नोकराला मिळालं ती वेळ, नोकराने उलट पाठवलं ती, मालकाला मिळालं ती. चार आकड्यांवरून वाटेतला उशीर आणि घड्याळातला फरक वेगळे काढायचे. फरक पडतो तो शिक्का कुठे मारता यावर. एनटीपी बहुधा सॉफ्टवेअरमध्ये मारतो, म्हणजे पत्र घरातून निघताना. मग ते पोस्टाच्या पेटीत किती वेळ पडून होतं कुणाला ठाऊक. पीटीपीचा शिक्का हार्डवेअर मारतं, पत्र गाडीत चढतं त्या क्षणी.

---

मिरजेचा_भोपळा | मंगळवार, रात्री ९:४०

ताई, आता डोक्यात शिरलं. आम्हीसुद्धा दोन तंबोरे लावताना हेच करतो. दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज हेलकावे खातो. खुंटी जराशी फिरवली की हेलकावा लांबतो, लांबतो, आणि नाहीसा होतो. तो नाहीसा झाला की तारा जुळल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मिळाला. आता इथरनेटवाल्यांनाही शिकवायला बोलवा.

---

पॅकेटताई | मंगळवार, रात्री ९:४८

थट्टा नाही, खरंच तसंच करतात. सर्नमध्ये व्हाइट रॅबिट नावाची पद्धत आहे. त्यात आधी सिंक-ईने लय जुळवतात, मग पीटीपीने सम, आणि उरलेला बारीक फरक दोन लयींचा हेलकावा मोजून काढतात. एक नॅनोसेकंदाच्याही आत जुळतं. आयईईई १५८८ च्या २०१९ च्या आवृत्तीत ही कल्पना घेतली आहे.

---

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ६:३०

ताई, उत्तम. एका ठिकाणी मात्र थांबतो. चार शिक्क्यांच्या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती नवशिक्यांना कुणी सांगत नाही: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो.

आपल्या खंबाटकीचं उदाहरण घ्या. पुण्याहून साताऱ्याला येताना गाडी घाटाने वर चढते, साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगद्यातून जाते. नवे बोगदे धरू नका, मी जुन्या रस्त्याचं बोलतोय. दोन्हीकडची घड्याळं मुळात अचूक जुळलेली आहेत, आणि घाटाला २५ मिनिटं तर बोगद्याला १५ लागतात, असं समजा. साताऱ्याचा माणूस हिशोब करतो: जाऊन-येऊन ४०, म्हणजे एका बाजूला २०. मग पुण्याचं पत्र मला २५ मिनिटांनी कसं मिळालं? माझंच घड्याळ ५ मिनिटं पुढे असणार! आणि तो आपलं बरोबर घड्याळ ५ मिनिटं मागे घेतो.

चूक किती, तर दोन वाटांतल्या फरकाच्या निम्मी. यातली वाईट गोष्ट अशी की पत्रं कितीही वेळा पाठवली तरी ही चूक आतून दिसत नाही. दर वेळी तेच उत्तर येतं, अगदी ठाम. बाहेरून दुसरं घड्याळ घेऊन कुणी आलं तरच कळतं.

---

घाटातला_टॉवर | बुधवार, सकाळी ९:००

काका, वाचनखूण साठवली. हे मी भोगलंय. एका साइटवर फायबर तुटली, जोडणाऱ्याने एका कोअरला (आतल्या काचेच्या धाग्याला) जवळची वाट दिली आणि दुसऱ्याला लांबची. काचेत प्रकाशाला मीटरला पाच नॅनोसेकंद लागतात. दोन कोअरमध्ये २०० मीटरचा फरक पडला की एक मायक्रोसेकंद, त्याचा निम्मा अर्धा मायक्रोसेकंद. आमच्या दीडमधला तिसरा हिस्सा एका जोडणीत गेला, आणि एकही अलार्म नाही. जीपीएसचा रिसीव्हर नेऊन तुलना केली तेव्हा सापडलं. तेव्हापासून जमेल तिथे एकाच कोअरवर दोन्ही दिशा चालवतो. दोन रंगांचा प्रकाश असल्यामुळे थोडा फरक राहतोच, पण फार कमी.

जीपीएसही देव नव्हे बरं. २६ जानेवारी २०१६ ला एक जुना उपग्रह निवृत्त करताना चुकीची माहिती चढली आणि जगभर बऱ्याच रिसीव्हरांची वेळ १३ मायक्रोसेकंदांनी सरकली.

---

सर्व्हररूम_सांगली | बुधवार, सकाळी ११:२०

सगळं मान्य. पण धागाकर्त्याला टॉवर चालवायचा नाही. त्याला रिलेचा क्रम हवाय. एक मिलिसेकंद पुरे आहे. आणि आता एनटीपीलाही हार्डवेअर शिक्के मारता येतात, क्रोनी या एनटीपीच्या सॉफ्टवेअरला ती सोय आहे. मॅडम, तुमच्या पत्राच्या उदाहरणात आमच्यावर अन्याय झालाय.

---

पॅकेटताई | बुधवार, सायंकाळी ६:१५

अन्याय झाला, मान्य.

पण कार्डाने शिक्का मारला तरी वाटेतल्या स्विचचं काय? १०० एमबीपीएसच्या पोर्टवर १५०० बाइटची एक मोठी फ्रेम पुढे असली की मागच्याला १२० मायक्रोसेकंद थांबावं लागतं. गिगाबिटवर १२. प्रत्येक स्विचवर, आणि दर वेळी वेगळं. पीटीपीत स्विचही कामाला लागतो. आनेवाडीच्या टोलनाक्यावर गाडी किती मिनिटं थांबली हे नाक्यावरच्या माणसाने पत्रावर लिहून दिलं, तर साताऱ्यात ती मिनिटं वजा करता येतील. याला ट्रान्सपरंट क्लॉक म्हणतात. दुसरा प्रकार बाउंडरी क्लॉक: नाक्यावरचाच माणूस आपलं घड्याळ पुण्याशी जुळवतो आणि पुढच्यांना स्वतः वेळ सांगतो. तुमचा साधा स्विच यातलं काही करत नाही. त्यातून पीटीपी पाठवला तर निम्मा फायदा तिथेच गेला.

बॉयलरदादा, तुम्हाला किती लागतं ते आधी ठरवा. घटनांचा क्रम हवा असेल तर एक मिलिसेकंद. ५० हर्ट्झच्या लाटेत तो ३६० पैकी १८ अंश होतो. सिंक्रोफेजर (ग्रिडच्या लाटेचा कोन वेळेच्या शिक्क्यासह मोजणारी यंत्रं) लावायचे असतील तर इतकं ढिलं चालत नाही. तिथे एकूण चूक एक टक्क्याच्या आत हवी, आणि ती सगळी वेळेतच खर्च केली तरी ३२ मायक्रोसेकंदांच्या आसपास संपते. उद्या यार्डात डिजिटल सबस्टेशन आलं, करंटचे नमुने इथरनेटवर सेकंदाला ४००० आले, तर एक मायक्रोसेकंद. त्यासाठी वीजवाल्यांचा पीटीपीचा वेगळा प्रोफाइल (ठरलेल्या नियमांचा संच) आहे, आयईसी ६१८५०-९-३. त्यात ट्रान्सपरंट क्लॉकला ५० नॅनोसेकंदांची चूक माफ, बाउंडरीला २००.

---

कोयनाखोरं | बुधवार, रात्री १०:३०

थोडं अवांतर. मी पाटणकडचा. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४:२१ ला कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आई सात वर्षांची होती. ती वेळ आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना जन्मतारखेसारखी पाठ आहे.

हल्ली खोऱ्यात भूकंपमापकांचं जाळं आहे, गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय, कराडजवळ हजारमाचीला त्याची प्रयोगशाळा आहे. तिथेही खेळ वेळेचाच. पहिली लाट खडकातून सेकंदाला सहाएक किलोमीटर धावते. निरनिराळ्या केंद्रांवर ती कधी पोचली यावरून उगम काढतात. एका केंद्राचं घड्याळ दशांश सेकंद चुकलं तर त्याच्या हिशोबात उगम ६०० मीटर सरकला. बॉयलरभाऊंच्या डीसीएसने भूकंप मोजला असता तर २४ सेकंदांत उगम कोयनेतून उचलून रत्नागिरीच्या समुद्रात गेला असता.

---

वाळव्याचा_बॉयलर | पुढच्या महिन्यातला शुक्रवार, रात्री ११:०५

धागा वर आणतोय.

चीफनी मान्य केलं, चेअरमनसाहेबांनी सही केली. जीपीएसवाला एक ग्रँडमास्टर (सगळ्यांना वेळ देणारं मुख्य घड्याळ) आला, यार्ड आणि टर्बाइन रूममध्ये पीटीपी कळणारे दोन स्विच आले. जुन्या तीन रिलेंना पीटीपी कळत नाही, त्यांना ग्रँडमास्टरमधूनच आयरिग-बीची (वेगळ्या तारेवरून वेळ पाठवायची जुनी पद्धत) कोअॅक्स ओढली. अँटेना चिमणीपासून लांब, ऑफिसच्या गच्चीवर लावला, नाहीतर बगॅसच्या राखेने आठवड्यात झाकला असता. केबल ३० मीटर, तिचे दीडशे नॅनोसेकंद सेटिंगमध्ये टाकले. गरज नव्हती, पण काका विचारतील म्हणून टाकले.

आज चालू केलं. सगळं जुळलं, फक्त नवा जनरेटर रिले ३७ सेकंद पुढे. अगदी बरोबर ३७. रीस्टार्ट केला, केबल बदलली, तरी ३७. कंपनीच्या माणसाला फोन केला, तो म्हणतो तुमच्या नेटवर्कमध्ये डिले आहे. ३७ सेकंदांचा डिले? तेवढ्यात मी सायकलवर जाऊन वेळ सांगून येईन.

---

पॅकेटताई | शुक्रवार, रात्री ११:११

डिले नाही. टीएआय आहे.

पीटीपी नागरी वेळ पाठवत नाही, अणुघड्याळांची सलग वेळ पाठवतो. नागरी वेळेत अधूनमधून लीप सेकंद घालत आले, शेवटचा २०१६ च्या ३१ डिसेंबरला. त्यामुळे १ जानेवारी २०१७ पासून दोघांत ३७ सेकंदांचं अंतर आहे. हा ३७ चा आकडाही पीटीपीच्या निरोपात असतो, आणि तो ग्राह्य धरायचा की नाही याचा एक झेंडा असतो. ग्रँडमास्टरमध्ये तो झेंडा खाली असणार, किंवा रिलेचं फर्मवेअर तिकडे बघत नसणार. आधी झेंडा बघा. भारतीय वेळेचे ५:३० तास मात्र रिलेमध्येच टाका.

---

वाळव्याचा_बॉयलर | शुक्रवार, रात्री ११:३४

झेंडा वरच होता. फर्मवेअर जुनं निघालं, नवीन टाकलं, ३७ गेले. ताई, तुम्ही झोपत नाही का?

---

नुसताच_वाचक | शनिवार, सकाळी ८:००

एकाच नेटवर्कवर दोन ग्रँडमास्टर आले तर मालक कोण, हे कोण ठरवतं?

---

पॅकेटताई | शनिवार, सकाळी ९:२०

तेच आपसात ठरवतात, त्याला बीएमसीए म्हणतात. आधी प्रायॉरिटीचा आकडा, मग घड्याळाचा दर्जा, मग अचूकता, असं करत शेवटी क्लॉकच्या ओळख-क्रमांकापर्यंत. ज्याचा आकडा लहान तो मालक. गोम अशी की प्रायॉरिटी माणसाने भरलेली असते आणि ती दर्जाच्या आधी बघतात. आमच्या लॅबमध्ये एका विद्यार्थ्याने साध्या स्विचला प्रायॉरिटी १ दिली. जीपीएसवाला ग्रँडमास्टर बिचारा मुकाट्याने बाजूला झाला आणि सगळी लॅब १ जानेवारी १९७० च्या पहाटे साडेपाचला, म्हणजे पीटीपीची मोजणी जिथून सुरू होते तिथे, जाऊन बसली.

---

नुसताच_वाचक | शनिवार, सकाळी ९:३१

बीएमसीए वाचून आधी मुंबई महापालिका आठवली. तसं बघितलं तर १९०६ ला देशाची प्रमाणवेळ आली तरी मुंबई १९५५ पर्यंत आपल्या ३९ मिनिटं मागच्या वेळेला चिकटून होती. प्रायॉरिटी १ तिने स्वतःच भरलेली.

---

वाळव्याचा_बॉयलर | त्यानंतर तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:५०

मंडळी, काल रात्री पुन्हा ट्रिप. नोंदी:

जनरेटर रिले: ०१:५२:४०.११४, व्हेक्टर सर्ज (व्होल्टेजच्या कोनाला अचानक झटका)
लाइन रिले: ०१:५२:४०.३३१, रिव्हर्स पॉवर

डीसीएसही तेच सांगतो. म्हणजे आधी आमचा जनरेटर सुटला. कारखान्याचा सगळा भार ग्रिडवर गेला, वीज बाहेर जायची ती उलटी आत यायला लागली, म्हणून लाइन रिलेने २१७ मिलिसेकंदांनी हात सोडला. ग्रिडच्या रेकॉर्डमध्ये त्या वेळी फॉल्ट नाही, फक्त बारीकसा झटका आहे. आमच्या व्हेक्टर सर्जचं सेटिंग इतकं नाजूक ठेवलंय की शिंकलं तरी ट्रिप. मागच्या वेळीही हेच झालं असावं.

ग्रिडवाल्या साहेबांचं बरोबर होतं. चीफना अजून सांगितलेलं नाही. ते हुरड्याला गेलेत.

---

सर्व्हररूम_सांगली | रविवार, सायंकाळी ५:०२

२१७ मिलिसेकंद! हे एनटीपीनेही दिसलं असतं की हो!

---

वाळव्याचा_बॉयलर | रविवार, सायंकाळी ५:२०

दिसलं असतं, साहेब. व्हीलॅन जागेवर असतं तर ऑफिसातल्या पीसीनेही दिसलं असतं. हे चेअरमनसाहेबांना कळू देऊ नका.

---

कृष्णाकाठ | रविवार, सायंकाळी ६:००

सेटिंग बदलण्याआधी अभ्यास करून घ्या. नाजूक नको म्हणून एकदम सैल करू नका. लाइन खरोखर गेली तर जनरेटर वेळेत सुटलाच पाहिजे. पुन्हा वीज येईल तेव्हा ती बेसम आली तर शाफ्टची वाट लागते. आणि रेकॉर्ड आजच उतरवून ठेवा, मेमरी परत भरेल.

---

वाळव्याचा_बॉयलर | रविवार, रात्री ९:१५

उतरवले काका, दोन ठिकाणी.

एक राहिलं. उत्साहाच्या भरात मी भोंगासुद्धा डीसीएसच्या वेळेवर घेतला. आता अगदी सेकंदाबरहुकूम वाजतो. तर कालपासून गावातून तीन फोन आले, कारखान्याचा भोंगा बिघडला म्हणून, रोज चार मिनिटं उशिरा होतोय. चौकशी केली. जुना वॉचमन पाळीच्या लोकांना उशीर होऊ नये म्हणून इतकी वर्षं चार मिनिटं आधीच वाजवत होता.

---

नुसताच_वाचक | रविवार, रात्री ९:१८

म्हणजे आजोबा नऊ सेकंद मागे नव्हते. तीन मिनिटं एक्कावन्न सेकंद पुढे होते.